व्यक्तिगत छंदसंग्रहाचा विमा : जुन्नर व आंबेगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

नाणेघाटाच्या प्राचीन व्यापारी मार्गावर वसलेले, शिवनेरीच्या पायथ्याचे आणि एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेले जुन्नर हे संग्राहकाला खुणावणारे गाव आहे. जुनी नाणी, मोडी कागदपत्रे, पोथ्या, तिकिटे, दिवे, अडकित्ते असे काही ना काही जपणारी माणसे जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत भेटतात. त्यांत अध्यापकही असतात. वाहनाचा विमा न चुकता भरणारा हा वर्ग तीस-तीस वर्षे जमविलेल्या संग्रहाच्या बाबतीत मात्र निर्धास्त असतो. अशा संग्रहाची हानी झाल्यास विम्यातून कितपत भरपाई मिळू शकते आणि त्यासाठी कोणती पूर्वतयारी हवी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गृहविम्याचे स्वरूप व मर्यादा

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध केली. आग, वीज, भूकंप, पूर, भूस्खलन इत्यादी आपत्तींपासून ती घराला व घरातील सामानाला संरक्षण देते. इमारतीसह सामानाचा विमा घेतल्यास सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, मात्र कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. संग्राहकाचा गैरसमज येथेच होतो. चित्रे, कलावस्तू, पुरातन व दुर्मीळ वस्तू या सर्वसाधारण सामानात मोडत नाहीत. त्यांची गणना 'मौल्यवान वस्तूं'त होते आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र ऐच्छिक संरक्षण मागून घ्यावे लागते.

त्याहून महत्त्वाची बाब वगळणुकीच्या कलमांत आहे. पॉलिसीत स्पष्ट उल्लेख केलेला नसेल तर हस्तलिखिते, सर्व प्रकारचे दस्तऐवज, नाणी व कागदी चलन यांच्या हानीची भरपाई मिळत नाही. म्हणजे जुन्नरच्या संग्राहकाकडे जे असण्याचा संभव सर्वाधिक, नेमके तेच बाहेर राहते! म्हणून 'पुरातन वस्तू' अशा मोघम शब्दांवर विसंबून न राहता नाणी, मोडी कागद, पोथ्या यांचा नावानिशी समावेश कंपनीकडून लेखी मान्य करून घ्यावा. प्रतिनिधीचे तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

चोरीबाबतही असाच भ्रम आढळतो. विम्यात अंतर्भूत असलेल्या आपत्तीमुळे आणि ती घडल्यापासून सात दिवसांच्या आत झालेली चोरीच या पॉलिसीत येते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. वाळवी, कसर, बुरशी या आपत्तींच्या यादीत नाहीतच. सह्याद्रीच्या कुशीतील पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना कागदाचा खरा शत्रू कोण हे सांगावयास नको. त्या शत्रूवर विमा हा उपाय नव्हे.

मूल्य आणि मालकी

दुर्मीळ वस्तू बाजारात पुन्हा मिळेलच असे नाही. त्यामुळे मौल्यवान वस्तूंचा विमा उभय पक्षांनी आधीच ठरविलेल्या मान्य मूल्यावर होतो. त्यासाठी मूल्यांकन प्रमाणपत्र लागते. मात्र एकूण विमा रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत आणि कोणत्याही एका वस्तूचे मूल्य १ लाखापेक्षा अधिक नसेल, तर त्यातून सूट आहे. अध्यापकाचा सामान्य संग्रह बहुधा या मर्यादेत बसावा. अर्थात वस्तूवरील जिव्हाळा म्हणजे मूल्य नव्हे, हे संग्राहकाने स्वतःशी मान्य केलेले बरे.

विम्याचा पाया विमाहित हा आहे. जी वस्तू कायदेशीररीत्या आपली नाही, तिच्या हानीची भरपाई मागता येत नाही. या परिसरात नांगरटीत वा पाया खणताना नाणे सापडले की ते सापडणाऱ्याचे, अशी समजूत आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा जमिनीत दडलेला निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. त्यान्वये शिल्पे, सचित्र हस्तलिखिते अशा वर्गांतील शंभर वर्षांपूर्वीच्या (हस्तलिखितांबाबत पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या) वस्तूंची नोंदणी करावी लागते. पुष्कळांना ही नोंदणी जाच वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती संग्राहकाच्याच सोयीची आहे, कारण छायाचित्रासह असलेले ते प्रमाणपत्र वस्तूच्या अस्तित्वाचा व ताब्याचा उत्तम पुरावा ठरते.

नोंदवही

सर्व विवेचन अखेर एका वहीपाशी येऊन थांबते. दावा दाखल झाल्यावर सर्वेक्षक प्रथम विचारतो ते 'काय होते?' हेच. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. ती नाणी तेरा हजारांहून अधिक होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उठविली होती, हे आज सांगता येते. कारण रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून त्यांची नोंद प्रसिद्ध केली. घरातील दोनशे नाण्यांसाठी एवढा खटाटोप नको. प्रत्येकाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, धातू, कोणाकडून व केव्हा घेतले, पावती असल्यास तिची प्रत, इतके पुरे. रविवारच्या काही दुपारी त्यासाठी द्याव्या लागतील.

दिनकर केळकर यांनी आपला विशाल संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. हा मार्ग प्रत्येकाला खुला नसतो. म्हणून काहीजण बँकेच्या लॉकरचा आश्रय घेतात. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, घरफोडी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. भूकंप, पूर यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेची हयगय नसेल तर, ते नसते. लॉकरमध्ये काय ठेवले आहे याची नोंदही बँक ठेवत नाही.

आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले. जेथे दीडशेच्या वर माणसे गेली, तेथे वस्तूंची गोष्ट काढताना संकोच वाटतो. तरीही घर नाहीसे होते तेव्हा घरातले कागदही नाहीसे होतात. संग्रहाची नोंदवही संग्रहाच्याच कपाटात ठेवण्याची आपली सवय असते. तिची एक प्रत दुसऱ्या गावी, मुलीच्या किंवा भावाच्या घरी ठेवावी आणि पॉलिसीचा क्रमांक तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.