गाभाऱ्याबाहेरचं वऱ्हाड

भागवताच्या दहाव्या स्कंधात रुक्मिणी अंबिकेच्या दर्शनाला जाते आणि देवळातून घरी परतत नाही. वाटेत श्रीकृष्णाचा रथ उभा असतो. पुराणात हा प्रसंग विदर्भात घडतो. तो नेमका कुठे घडला, हे अमरावतीकराला विचारायची गरज नसते, कारण गांधी चौकाजवळची अंबादेवी त्याच्या डोळ्यांसमोरच असते. रुक्मिणीचं माहेर वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर. तिथून अंबादेवी चाळीसेक किलोमीटर दूर, म्हणून लोककथेनं मध्ये एक भुयारही खोदून ठेवलं आहे.

या सगळ्याला पुरातत्त्वाचा दाखला मागू नये. पण कौंडण्यपूर हे काही केवळ कथेतलं गाव नव्हे. १९६०च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळाच्याही मागे जाणारी वस्ती हाती लागली. दुसरीकडे परंपरा अशी की, संत सदाराम महाराजांनी १५९४ मध्ये इथून पंढरपूरला पालखी नेली. आजही आषाढीला रुक्मिणीमातेची पालखी माहेराहून सासरी पायी जाते. कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी खुद्द पांडुरंग सासुरवाडीला येतो, असं मानून इथे दहीहंडी होते. जावई घरी आला की वऱ्हाडात पाहुणचाराला काही कमी पडत नाही, मग तो विटेवरचा का असेना.

तामिळ देशात देऊळ दुरून दिसतं. तंजावरचं बृहदीश्वर १०१० मध्ये पुरं झालं, त्याचं शिखर आजही शहरावर उभं आहे. वऱ्हाडात तसं काही नाही. इथली जुनी देवळं बुटकी, काळ्या दगडाची, बरीचशी शिखर नसलेली. त्यांचा इतिहास शोधायला कळसाकडे पाहून उपयोग नाही. तो पायरीपाशी घडला, म्हणजे आत कोणी जायचं, बाहेर कोणी थांबायचं, पायरीवर काय कापायचं आणि पेटीतला पैसा कुणाचा, या भांडणांतून.

यातलं सर्वांत गाजलेलं भांडण अंबादेवीच्याच दारात झालं. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता, मनुस्मृतीचं दहन डिसेंबरात व्हायचं होतं. महाडच्या या दोन घटनांच्या मधोमध अमरावती येते, आणि बहुतेक लेखनात ती तिथेच हरवते. विषय एकच होता, अंबादेवीचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम मुंबईत वारल्याची तार आली. तरीही काम पुढे चाललं. विश्वस्तांना विचाराला मुदत द्यायची म्हणून सत्याग्रह तूर्त पुढे ढकलला गेला. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला तो १९३० मध्ये.

या लढ्यात पुढे होते पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख. शेतकऱ्याचा हा मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला होता आणि त्याच्या प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातला धर्म. शास्त्राधार काढून दाखवणाऱ्यांची यामुळे मोठी अडचण झाली असणार. पंजाबराव दार उघडण्यावर थांबले नाहीत. मध्यप्रांत-वऱ्हाडात मंत्री असताना, १९३२ मध्ये, त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडलं. देवळांत साठलेला पैसा शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामांकडे वळावा, हा त्यामागचा विचार. सत्याग्रहाची आठवण अधूनमधून निघते, विधेयकाची कुणी काढत नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते दोहोंत अधिक धाडसाचं काम विधेयकाचंच होतं.

पायरीचा हा प्रश्न वऱ्हाडात विसाव्या शतकात जन्मला असंही नाही. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात गोविंदप्रभू राहत. गाव त्यांना राऊळ म्हणे आणि वेडाही म्हणे. महानुभावांनी त्यांच्या ज्या लीळा लिहून ठेवल्या, त्यांत ते देवळात शिरून मूर्तींशी खेळतात आणि शिवाशिव न पाळता अस्पृश्यांच्या घरांतही खुशाल शिरतात. गावातल्या मानकऱ्यांना ते खपत नाही, पण राऊळाला अडवणार कोण? चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं तेही याच गावी, वाजेश्वरीच्या स्थानी. महदंबेनं धवळे रचले तेही इथेच, गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला तेव्हा. त्या धवळ्यांचा विषय कोणता, तर कृष्ण-रुक्मिणीचा विवाह. कौंडण्यपूरची लेक अशी मराठीतल्या पहिल्या ज्ञात कवयित्रीच्या तोंडी आली. आता २०२४ पासून रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे.

दगडी देवळांबद्दल थोडक्यात सांगायचं तर दोन नावं पुरेत. अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीच्या देवीमंदिरात शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६-७७ चा शिलालेख आहे. दर्यापूर तालुक्यातलं लासूरचं आनंदेश्वर पूर्णेच्या काठी उभं आहे, आणि त्याच्या मंडपात उभं राहून मान वर केली तर थेट आभाळ दिसतं. लोक दोन्हींना सरसकट हेमाडपंती म्हणतात. बार्शीटाकळीचं देऊळ मात्र हेमाद्री पंडिताच्या कारकिर्दीआधीच बांधून झालं होतं.

लासूरपासून पुढे सगळा मुलूख पूर्णेचा, खारपाणपट्ट्याचा. विहीर खणावी तर खारं पाणी लागतं. अशा मुलखात नदीचं पाणी खांद्यावरून देवाला नेण्याला वेगळं वजन येतं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची मंडळं गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरतात आणि रात्रभर चालत जुन्या शहरातल्या राजराजेश्वरावर ते ओततात. १९४०च्या दशकातल्या एका दुष्काळात ही प्रथा सुरू झाल्याचं सांगतात. दोन गडूंची कावड आता शेकडो भरण्यांची झाली आहे, आणि कुणाची कावड मोठी यावरून मंडळांत चढाओढ लागते.

त्याच पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी इथे यात्रा भरते. घर सोडून निघालेल्या डेबूजी जानोरकरांनी, म्हणजे गाडगेबाबांनी, सुरुवातीच्या काळात हात घातला तो इथल्या घाटाच्या कामाला. पूर्वी यात्रेकरू चिखल तुडवत नदीत उतरत. बाबांनी त्यांना पायऱ्या बांधून दिल्या. देवळात जाऊन हात जोडण्याची त्यांना फारशी हौस नव्हती. यात्रेत ते दिसत झाडू घेऊन, आणि रात्री कीर्तनात लोकांना विचारत, की देवाला बोकड लागतो हे तुम्हाला सांगितलं कोणी.

हा प्रश्न चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमला फार टोकदार होता. सातपुड्याच्या पायथ्याशी, टेकडीवर, बहिरमबुवाची मूर्ती आहे, शेंदूर-लोण्याच्या थरांनी फुगत गेलेली. नवसाचे बोकड तिच्यापुढे पडत. गाडगेबाबांच्या खटपटीनं ती प्रथा थांबली. बाबा गेले २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी. बहिरमची यात्राही दरवर्षी २० डिसेंबरलाच सुरू होते आणि महिनाभराहून अधिक चालते. भाविक वर नारळ फोडतात, उतरून खाली राहुट्यांमध्ये येतात. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले जातात आणि शेजारी मातीच्या हंडीत मटण शिजतं. या हंडीसाठी नागपूरपासून माणसं येतात. त्यातली किती वर टेकडी चढतात, हा भाग वेगळा.