समकालीन काचकलेविषयीचे गैरसमज

समकालीन काचकला म्हणजे काच हे मुख्य माध्यम मानून, विशेषतः १९६० च्या दशकापासून, घडवल्या गेलेल्या कलाकृतींची परंपरा होय. अमेरिका, तत्कालीन चेकोस्लोव्हाकिया आणि इटली ही तिची काही प्रमुख केंद्रे आहेत. या कलेविषयीच्या अनेक गैरसमजांमागे एकच चित्र असते : भट्टीपाशी उभा राहून फुंकनळीने एकट्यानेच वस्तू घडवणारा कलावंत. हे चित्र खोटे नाही, परंतु अपुरे आहे. त्यामुळे कलाकृती कोणी व कशी घडवली, याविषयी चुकीचा समज होतो.

कारखान्याशी संबंध नसणे

स्टुडिओ काच चळवळ कारखान्यांपासून पूर्णपणे अलग राहून उभी राहिली, असे मानले जाते. या चळवळीचा आरंभ मार्च व जून १९६२ मध्ये ओहायो राज्यातील टोलेडो कलासंग्रहालयात झालेल्या दोन कार्यशाळांपासून धरतात. मृत्तिकाकलेचे शिक्षक हार्वे लिटलटन यांनी त्या घेतल्या. मात्र काच वितळवण्याचा पहिला प्रयत्न फसला, तेव्हा काचउद्योगातील संशोधक डॉमिनिक लॅबिनो यांनी भट्टीची रचना बदलण्यास साहाय्य केले आणि काचतंतूंसाठी बनवलेल्या काचगोळ्या वितळवण्यास दिल्या. कारखान्यातून निवृत्त झालेले कारागीर हार्वे लीफग्रीन यांनी फुंकण्याचे प्रात्यक्षिक दाखवले. त्याआधीही फ्रान्समध्ये चित्रकार मॉरिस मारिनो हे स्वतः काच फुंकून कलाकृती घडवत असत.

सर्व काचकला फुंकूनच घडते

काच फुंकण्याचे तंत्र इ. स. पू. पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रदेशात विकसित झाले. साच्यात काच घडवण्याची पद्धत त्याहून कितीतरी प्राचीन आहे. चेक कलावंत दांपत्य स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की व यारोस्लावा ब्रिख्तोव्हा यांची भव्य शिल्पे साच्यात घडलेली आहेत. लिबेन्स्की रेखाटन करीत, ब्रिख्तोव्हा त्यावरून मातीची प्रतिकृती बनवीत. तिच्यावरून घेतलेल्या साच्यात काच भट्टीमध्ये वितळवली जाई. याखेरीज ज्योतीवर काचेच्या कांड्या तापवून आकार देणे, काचेचे तुकडे तापवून एकजीव करणे आणि थंड काच कापून वा घासून घडवणे, या पद्धतीही प्रचलित आहेत.

कलावंत सर्व काम स्वहस्ते करतो

वितळलेली काच सतत फिरवावी लागते आणि काही क्षणांतच घट्ट होऊ लागते. त्यामुळे मोठ्या वस्तूसाठी अनेक हात लागतात. मुरानो बेटावरील कारखान्यांत मुख्य कारागीर व साहाय्यक अशी जुनी श्रमविभागणी आहे. अमेरिकन कलावंत डेल चिहुली यांनी १९६८ मध्ये तेथील व्हेनिनी कारखान्यात ती पाहिली. १९७६ च्या मोटार अपघातात त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि १९७९ मध्ये खांद्याला दुखापत झाली. त्यानंतर त्यांनी फुंकनळी हाती धरणे थांबवले. ते रेखाटने करून कारागिरांच्या चमूला मार्गदर्शन करू लागले. कल्पना एकाची व घडण अनेकांची असल्याने श्रेय कोणाचे, हा प्रश्न या कलेत वारंवार उपस्थित होतो. मुख्य कलावंताचे नाव म्हणजे सर्व घडण त्याच्याच हातची, असा अर्थ घेता येत नाही. तसेच केवळ स्वतः फुंकले नाही म्हणून कृती त्याची नाही, असेही म्हणता येत नाही.

काच वरून रंगवलेली असते

काचेवर रंगकाम करण्याची पद्धत आहे, परंतु बहुतेकदा रंग काचेतच मिसळलेला असतो. कोबाल्टच्या ऑक्साइडामुळे निळा, तर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे माणकासारखा लाल रंग येतो.

आकार दिला की काम संपते

गरम वस्तू मोकळ्या हवेत ठेवल्यास बाहेरचा भाग आतल्या भागाआधी थंड होतो व निर्माण झालेल्या ताणाने वस्तू तडकते. म्हणून ती अनुशीतन भट्टीत सावकाश थंड करतात. नेहमीच्या सोडा-चुना काचेसाठी ही क्रिया साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होते. लहान वस्तूला काही तास पुरतात. जाड शिल्पाला कित्येक आठवडेही लागू शकतात.

काच हा अतिशय संथपणे वाहणारा द्रव आहे

जुन्या चर्चच्या खिडक्यांतील काही तावदाने तळाशी जाड दिसतात, हा याचा पुरावा मानला जातो. प्रत्यक्षात ही जाडी जुन्या निर्मितिपद्धतीमुळे आलेली असते. तीत काचेचा पत्रा सर्वत्र सारख्या जाडीचा होत नसे. काच हा अस्फटिकी घन पदार्थ असून सामान्य तापमानाला काही शतकांत ती डोळ्यांना दिसण्याइतकी वाहत नाही. त्यामुळे काचशिल्प कालांतराने आपोआप ओघळेल, ही भीती निराधार आहे.