पाय मुरगळला तर काय करायचं?

दुबईत २०१७ पासून 'दुबई फिटनेस चॅलेंज' असतं : ३० दिवस, रोज ३० मिनिटं व्यायाम. तुम्हीही धावत असाल. धावताना पाय वाकडा पडला, तर घोटा मुरगळतो. म्हणजे काय होतं? घोट्याची हाडं 'अस्थिबंध' नावाच्या मजबूत पट्ट्यांनी बांधलेली असतात. पाऊल आत वळलं की बाहेरच्या पट्ट्या ताणल्या जातात, कधी तुटतातही. मग घोटा सुजतो.

लगेच खेळ थांबवा. कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा. क्रेप बँडेज बांधा. पाय उशीवर उंच ठेवा. आजी मायेनं म्हणेल, "ये, तेल लावून चोळून देते." पण पहिले दोन-तीन दिवस चोळू नका; सूज वाढू शकते. म्हणा, "आजी, आत्ता नुसतं बँडेज बांधून दे."

हाड मोडलंय का, ते कसं कळणार? कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली त्यासाठी सोपे नियम मांडले. त्यातला एक लक्षात ठेवा : चार पावलंही टाकता येत नसतील, तर डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढायचा.

सूज उतरली तरी लगेच धावू नका. आधी एका पायावर उभं राहून तोल सांभाळायचा सराव करा. नाहीतर तोच घोटा पुन्हा मुरगळू शकतो.