बंद न्हाणीघरातला गॅस गिझर

जुन्नर, ओतूर, घोडेगावकडे थंडीत पहाटे कढत पाण्याशिवाय अंघोळ होत नाही. म्हणून न्हाणीघरात गॅस गिझर आला. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड, मळमळ, पाय लटपटणं... माणसाला वाटतं, पित्त झालं! ज्योत पिवळी दिसली, काजळी धरली, तर गिझर बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. थंडी येते म्हणून झरोक्यात कोंबलेलं पोतं आधी काढा. बंद खोलीत पेटती शेगडीही तितकीच घातक. कुणी कोसळलं, तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग रुग्णवाहिकेसाठी १०८. गॅसगळतीसाठी १९०६.