टप उघडण्याआधी

साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना मोटारी ठाऊक होत्या त्या तीनच. ॲम्बॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड. पहिली सरकारी साहेबांची, दुसरी डॉक्टरांची आणि मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांची. तिसरी नेमकी कोणाची, हे सांगता येत नसे. दिसायला ती सर्वांत देखणी. पण सुरुवातीच्या गाड्यांना दारे दोनच. मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून, पदर सावरत आत शिरावे लागे. त्यामुळे घरोघरच्या आत्या-मावश्यांचे तिच्याविषयी फारसे बरे मत नव्हते.

हीच हेराल्ड, आणि तीही पत्र्याच्या छपराऐवजी टांग्यासारखा कापडी टप असलेली, आमच्या भाच्याने पुण्यात विकत घेतली. वयाने ती त्याच्याहून बरीच मोठी आहे. नव्या गाडीची चावी हातात पडली की ती चालवायची, एवढेच काम उरते. जुन्या उघड्या गाडीचे तसे नाही. ती आधी घ्यायची, मग समजून घ्यायची आणि त्यानंतर घरच्या माणसांना तीत बसवायचे. हा क्रम उलटा करू नये, असे त्याच्याबरोबर वर्षभर गॅरेजात उभे राहून माझे पक्के मत झाले आहे.

समजून घेण्यासारखे हेराल्डमध्ये पुष्कळ आहे. इंग्लंडमध्ये ती १९५९ साली आली, टपाची आवृत्ती पुढच्या वर्षी. आकार दिला होता जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने. त्या सुमारास इतर कंपन्या सांगाडा आणि पत्रा एकजीव असलेल्या गाड्यांकडे वळल्या होत्या. ट्रायम्फ बनवणाऱ्या कंपनीला ते जमण्यासारखे नव्हते, कारण पत्र्याचे काम करणारा मोठा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ताब्यात घेतला होता. मग खाली वेगळी चासी आणि वर तुकड्यातुकड्यांनी बोल्ट लावून जोडलेली बॉडी, अशी जुनीच पद्धत त्यांनी पत्करली. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने हीच गाडी आपल्याकडे बनवली.

या नाइलाजाचा फायदा आज मालकाला होतो. पुढचे बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटे पडते आणि मिस्त्रीला चाकावर बसून इंजिनाचे काम करता येते. वळणाच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम २५ फूट; सदाशिव पेठेतल्या बोळात याचे मोल कळते. छप्परही बोल्टांनीच बसवलेले असल्यामुळे ते काढता येते. मात्र त्यामुळेच टपाची म्हणून दाखवली जाणारी प्रत्येक हेराल्ड जन्मतः टपाची असतेच असे नाही. आरसी बुकात बॉडीचा प्रकार काय लिहिला आहे, ते पैसे देण्याआधी वाचावे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली जी वेगळी ‘व्हीए’ नोंदणी आली, तिलाही गाडी मूळ रूपातच लागते. ती नोंदणी घेतली तर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. रोजच्या वापराला नाही. गाडी मिरवायची की चालवायची, हे घरात आधीच ठरवलेले बरे.

गाडी पाहायला जाल तेव्हा रंगावर भुलू नका, दाराच्या फटी पाहा. छप्पर नसले की सगळा भार चासीवर येतो. ती गंजून वाकली की दाराची वरची फट अरुंद होते, खालची रुंदावते, आणि दार लावताना उचलून लावावे लागते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी असेल तर खाली झोपून, टॉर्च घेऊन, चासीच्या बाजूला निघालेले हात स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावेत. वर सुंदर रंग आणि आत पापडासारखा पत्रा, असे प्रकार सर्रास असतात.

पण या गाडीची खरी मेख पुढच्या चाकांत आहे. चाक ज्या उभ्या पोलादी दांड्यावर असते, त्याच्या खालच्या टोकाला आटे आहेत. ते टोक ट्रनियन नावाच्या पितळी ठोकळ्यात स्क्रूसारखे बसते आणि स्टिअरिंग फिरवले की त्या आट्यांतच फिरते. तिथे गिअरबॉक्सचे दाट तेल, ईपी ९० जातीचे, घालायचे असते. आपल्याकडे निपल दिसला की ग्रीसगन लावायची सवय. ग्रीस घट्ट होऊन बसते, खालपर्यंत पोचत नाही. पाणी मात्र पोचते. आटे गंजतात, दांडा आतल्या आत खातो आणि एक दिवस तुटतो. मग चाक आडवे पडते. बहुतेकदा हे गाडी लावताना, स्टिअरिंग पुरते फिरवलेले असताना घडते. पण घाटात घडणार नाही, याची हमी कोण देणार?

भाच्याच्या गाडीला आधीच्या मालकाकडे कित्येक वर्षे ग्रीसच मिळाले होते. नाना पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी चाक हलवून पाहिले आणि म्हणाले, “दादा, वहिनींना हिच्यात बसवू नका अजून.” दोन्ही बाजू उघडल्या तेव्हा उजवीकडचा दांडा आट्यांपाशी बारीक झालेला निघाला. नवे भाग इंग्लंडहून मागवले. स्पिटफायर ही लोकप्रिय स्पोर्ट्स गाडी हेराल्डच्याच चासीवर बेतलेली, म्हणून तिकडे हे भाग आजही नव्याने तयार होतात. तोपर्यंत दीड महिना गाडी ठोकळ्यांवर उभी राहिली. घरच्यांनी थट्टा केली, पण मला ते दीड महिने फार महत्त्वाचे वाटतात. आता पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, असे वर्षातून दोनदा तेल तो स्वतः घालतो. ही कामे जाणणारे मिस्त्री सत्तरीला आले आहेत. त्यांच्या शेजारी उभे राहून पाहून घेणे हाच त्यावरचा एक उपाय.

बाकीची कामे त्यामानाने साधी. ब्रेकची नळी-व्यवस्था एकेरी असते, एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून रबरी वॉशर आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खाते, हवेतले पाणीही ओढते. नळ्या नव्या जातीच्या घालाव्यात आणि टाकी महिनोन् महिने तशीच ठेवू नये. बॅटरी जोडण्याआधी सांगाड्याला कोणते टोक लावले आहे ते पाहावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत ते अनेकदा धन असते.

टपाचे तंत्र मात्र घरातल्या बायकांना पुरुषांपेक्षा लवकर समजते, कारण ते पैठणीच्या घडीसारखे आहे. ओला घडी घालायचा नाही. घडीत मागची प्लास्टिकची काच चुरगळणार नाही असा मऊ कपडा ठेवायचा. उन्हात ताणून वाळवायचा. शिलाई उसवली तर सीटकव्हरवाल्याकडे तो गाडीवर चढवलेला असतानाच न्यायचा. सुटा कापून दिला तर पुन्हा चढताना हमखास आखूड पडतो. जून ते सप्टेंबर टप वर आणि गाडी शेडमध्ये, यात तडजोड नाही.

आणि मग येते थंडी. भोरवरून मांढरदेवीच्या घाटाने वाईला जाणारा रस्ता सकाळी सातला टप पाडून गाठावा. द्रुतगती मार्गावर उघडी गाडी म्हणजे कानात वारा आणि ट्रकचा धूर. तिचे सुख ताशी चाळीस-पन्नासलाच आहे. हेराल्डची मागची चाके वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर आत दुमडतात, म्हणून वेग वळणाआधीच कमी करायचा. एकदा तो हात बसला की बोलणे ऐकू येते, पाखरे ऐकू येतात, सावलीतून उन्हात आल्याचे मानेला कळते. वाईकडे उतरताना हंगामात शिजत्या हळदीचा वास येतो, पुढे गुऱ्हाळाचा. बंद काचांच्या गाडीतून त्याच रस्त्याने मी अनेकदा गेलो आहे. हे वास तिथे असतात, याचा मला पत्ता नव्हता. दहानंतर ऊन चढले की टप वर घ्यावा. मुलांना मागे उभे राहू देऊ नये, सिनेमात कितीही छान दिसत असले तरी.

वाटेत माणसे थांबवतात. पेट्रोलपंपावर पहिला प्रश्न ॲव्हरेजचा, दुसरा किमतीचा. मग एखादे आजोबा येऊन दाराच्या कडेवर हात ठेवून नुसतेच उभे राहतात. मागच्या महिन्यात वाईच्या बाजारात एकाने सरळ विचारले, “द्यायची आहे का?” भाच्याने घाईघाईने सांगितले, “नाही हो काका, अजून मागच्या स्प्रिंगचं काम बाकी आहे.”