विश्लेषण : शिवेचा राखणदार फाशांच्या खेळात कसा उतरवायचा?

मध्य रेल्वेवरच्या शीव स्थानकाचे नावच त्याचा इतिहास सांगते. शीव म्हणजे हद्द. १६६९ ते १६७७ या काळात, जेरार्ड ऑंजियर मुंबईचा गव्हर्नर असताना, ईस्ट इंडिया कंपनीने इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. अलीकडे इंग्रजांचे परळ बेट, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. पुढे १७३७ ते १७३९च्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली आणि १७७४मध्ये इंग्रजांनी ठाणे घेईपर्यंत इंग्रज मुंबई आणि मराठी मुलुख यांच्यातील हद्द इथेच होती. अशा हद्दीवर पहारा देणारा माणूस ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या खेळात नायक म्हणून आणायचा, तर काय करावे लागेल? खेळाडू स्वतः घडवतात त्या ‘होमब्रू सबक्लास’ची पद्धत या उदाहरणातून समजून घेऊ.

हा खेळ नेमका काय आहे?

अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. यात पट नसला तरी चालतो. एक जण ‘डंजन मास्टर’ होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात. एखादी कृती साधेल की नाही याबद्दल शंका असेल, तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. प्रत्येक पात्राचा एक ‘क्लास’ असतो, म्हणजे त्याचा पेशा : फायटर, रोग, बार्ड, विझर्ड वगैरे. त्या पेशातील विशेष शाखा म्हणजे ‘सबक्लास’. २०२४च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये १२ क्लास आणि प्रत्येकाचे चार, असे ४८ सबक्लास आहेत. सबक्लास तिसऱ्या लेव्हलला निवडायचा असतो.

या यादीत नसलेले, खेळाडूंनी घरी तयार केलेले नियम म्हणजे होमब्रू. हा प्रकार खेळाइतकाच जुना आहे. कंपनीसुद्धा नवे सबक्लास ‘अनअर्थ्ड अर्काना’ या नावाने आधी चाचणीसाठी खुले करते, खेळाडूंची मते मागवते आणि मगच ते पुस्तकात घेते.

सुरुवात कुठून करायची?

नवशिके बहुधा ताकदींच्या यादीपासून सुरुवात करतात. खरे तर पहिला प्रश्न असा हवा : हे पात्र असे काय करते, जे आहे त्या ४८ जणांपैकी कुणी करत नाही? आपल्या राखणदाराचे उत्तर एका वाक्यात देता येते. तो एक रेघ आखतो आणि तिच्या अलीकडे कुणाला येऊ देत नाही. या वाक्याशी नाते नसलेली प्रत्येक कल्पना, कितीही आकर्षक असली, तरी बाजूला ठेवायची.

मग मूळ क्लास. राखणदार जादूगार नाही, म्हणून फायटर योग्य. फायटरला सबक्लासची कौशल्ये ३, ७, १०, १५ आणि १८ या लेव्हलला मिळतात. म्हणजे पाच खण आधीच ठरलेले आहेत, ते भरायचे.

पहिला मसुदा का फसतो?

समजा, तिसऱ्या लेव्हलचे कौशल्य असे लिहिले : ‘स्वतःच्या हद्दीत उभा असताना राखणदाराला प्रत्येक हल्ल्यावर अ‍ॅडव्हांटेज मिळतो.’ अ‍ॅडव्हांटेज म्हणजे वीसचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. वाचायला साधे वाटते, पण गणित वेगळेच निघते.

तिसऱ्या लेव्हलच्या फायटरचा हल्ल्याचा बोनस साधारण ५ असतो. शत्रूचा ‘आर्मर क्लास’ १५ धरला, तर फाशावर १० किंवा जास्त यायला हवे. शक्यता ५५ टक्के. अ‍ॅडव्हांटेज मिळाला की ती जवळपास ८० टक्के होते. आठ बाजूंचा फासा अधिक ३ एवढे नुकसान करणारी तलवार धरली, तर चुकलेले वार आणि फाशावर वीस आल्यावरचे दुप्पट फासे हिशेबात घेऊन एका हल्ल्याची सरासरी ४.३५ वरून ६.४२ वर जाते. वाढ सुमारे २.०७.

आता अधिकृत ‘चॅम्पियन’ सबक्लास पाहा. त्याला तिसऱ्या लेव्हलला वीसऐवजी १९ किंवा २० आले तरी दुप्पट फासे मिळतात. याच हिशेबाने त्याची वाढ हल्ल्यामागे ०.२२५ भरते. म्हणजे आपला राखणदार चॅम्पियनच्या नऊपट पुढे गेला. अशा टेबलावर बाकीच्या खेळाडूंना करण्यासारखे काही उरत नाही. होमब्रूबद्दल सर्वाधिक कुरबुर इथूनच सुरू होते.

मग सुधारणा कशी करायची?

ताकद वाढवण्याऐवजी निवड वाढवायची. दुसरा मसुदा असा : राखणदार ‘बोनस अ‍ॅक्शन’ वापरून ३० फुटांची, म्हणजे पटावरच्या सहा चौकोनांची रेघ आखतो. ती एक मिनिट टिकते. त्या वेळात त्याच्या शस्त्राच्या टप्प्यात कुणी शत्रूने ती ओलांडली, तर ‘रिअ‍ॅक्शन’ वापरून त्याच्यावर एक वार करता येतो. दोन मोठ्या विश्रांतींच्या दरम्यान अशी रेघ ‘प्रोफिशियन्सी बोनस’ इतक्या वेळा आखता येते. तिसऱ्या लेव्हलला तो बोनस २ असतो.

हिशेब करू. एका लढाईत तीन फेऱ्यांत तीनदा रेघ ओलांडली गेली, तरी सरासरी १३ नुकसान. दिवसात दोनदा म्हणजे २६. तुलनेसाठी ‘बॅटल मास्टर’ घ्या. त्याच्याकडे आठ बाजूंचे चार खास फासे असतात आणि प्रत्येक छोट्या विश्रांतीनंतर ते परत मिळतात. दिवसात दोन छोट्या विश्रांती धरल्या तर १२ फासे, सरासरी ५४. म्हणजे राखणदार मर्यादेत आहे. त्याचा खरा फायदा नुकसानीत नाहीच. शत्रू रेघ पाहून थबकतो, वळसा घालतो आणि मागे असलेल्या जखमी सोबत्याला दोन फेऱ्या उसंत मिळते. पहारेकऱ्याचे कामही तेच.

शब्दांत काय अडकते?

या वाराला ‘ऑपॉर्च्युनिटी अटॅक’ म्हणायचे की नुसता ‘हल्ला’? फरक किरकोळ वाटतो, पण ‘सेंटिनेल’ नावाचे एक कौशल्य कोणताही फायटर चौथ्या लेव्हलला घेऊ शकतो. त्यात ऑपॉर्च्युनिटी अटॅक लागला की शत्रूचा वेग शून्य होतो. आपण तोच शब्द वापरला, तर रेघ ओलांडणारा तिथेच खिळतो. दुसरा शब्द वापरला, तर खिळत नाही. दोन्ही चालेल, पण ते जाणूनबुजून ठरवायला हवे. ‘पोलआर्म मास्टर’ हे कौशल्यही लांब शस्त्राच्या टप्प्यात येणाऱ्यावर वार करू देते. मात्र रिअ‍ॅक्शन एका फेरीत एकदाच मिळत असल्याने दोन्हींची बेरीज होत नाही. नियमात आधीच असलेला असा बांध शोधून त्याचा आधार घेणे, हे चांगल्या रचनेचे लक्षण.

उरलेले चार खण याच सूत्रावर भरायचे. सातव्या लेव्हलला लढाईबाहेरचे काही हवे : माती, पायवाटा, हललेला हद्दीचा दगड पाहून कोण आले-गेले हे ओळखणे. दहाव्याला एखाद्या सोबत्यालाही रेघेवर वार करण्याची मुभा. पंधराव्याला रेघ सरकवण्याची सोय. अठराव्याला, एकही रेघ शिल्लक नसताना लढाई सुरू झाली, तर एक परत मिळणे. त्यानंतर ३, ५ आणि ११ या लेव्हलला खेळून पाहायचे. पाचव्याला फायटरचे हल्ले दोन आणि अकराव्याला तीन होतात, त्यामुळे समतोल तिथेच ढळतो. धनुर्धारी आणि उडणारे शत्रूही समोर आणायचे. त्यांच्यापुढे रेघ निरुपयोगी ठरेल. तसे ठरायलाच हवे, कारण कमजोरी नसलेले पात्र दोन डावांत कंटाळवाणे होते.

हा राखणदार कोणाचा?

आकड्यांपेक्षा अवघड प्रश्न हा आहे. कोकणात आणि गोव्यात राखणदार हे जागृत दैवत मानले जाते, त्याला राखण दिली जाते. घाटावर शिवेवर म्हसोबा असतो, वेशीत मारुती. या खेळाने जिवंत श्रद्धांशी पूर्वी फार जपून व्यवहार केलेला नाही. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधील राक्षस वाघाच्या तोंडाचा, पाईप ओढणारा आहे आणि मंतरलेल्या बाणाने मरतो. १९८०च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये इंद्र, अग्नी, यम यांना ‘हिट पॉइंट्स’ दिले होते, म्हणजे त्यांना किती वारांत मारता येईल याचा आकडा. २०२२च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’मध्ये चित्र बदललेले दिसते. तिथे कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी बंगालच्या भूमीवरून सुचलेली साहसकथा लिहिली आहे. आपल्या सबक्लाससाठी धडा सरळ आहे : पात्र माणूस ठेवावे, देवाला आकडे लावू नयेत.

दुसरी बाजू जातीची. जुन्या गावगाड्यात शिवेची माहिती आणि राखण हे काम महार, रामोशी यांच्यावर जन्माने लादले गेले होते. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानली जाई, पण त्याची वस्ती वेशीबाहेरच राही. या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ही वतने रद्द होण्यास १९५८चा कायदा यावा लागला. म्हणून राखणदार कोणत्या खणात टाकायचा, हा निव्वळ तांत्रिक निर्णय राहत नाही. खेळात ‘स्पीशीज’ जन्माने मिळते, क्लास शिकून मिळतो. २०२४च्या नियमांत तर ‘रेस’ हा शब्दच काढून टाकला आणि जन्मावरून मिळणारे गुणांचे बोनसही तिथून हलवले. राखणदार सबक्लासमध्येच शोभतो, कारण तिथे ते काम कुणीही स्वेच्छेने निवडते आणि केव्हाही सोडू शकते. वर्णनात ‘पिढीजात’ हा एक शब्द लिहिला, तरी अर्थ उलटतो.

प्रसिद्ध करता येतो का?

मित्रांत खेळण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. विकायचा असेल तर परवाना पाहावा लागतो. २००० सालच्या ‘ओपन गेम लायसन्स’मुळे इतरांना या नियमांवर पुस्तके काढता येत होती. जानेवारी २०२३मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. त्यात वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन मागितले होते. खेळाडूंनी गदारोळ केला आणि त्याच महिन्यात कंपनीने माघार घेत मूलभूत नियमसंहिता क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली केली. २०२४च्या नियमांवर आधारित संहिताही एप्रिल २०२५मध्ये तशीच खुली झाली.

श्रेय दिले की या संहितेतील मजकूर वापरता येतो, त्याचा मराठी अनुवाद करून विकताही येतो. मात्र तिच्यात प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास आहे, फायटरचा चॅम्पियन. बॅटल मास्टरशी तुलना जरूर करावी, त्याचा मजकूर उचलू नये.

पुढे काय?

दोन पाने, पाच कौशल्ये, एक हिशेबाची वही आणि चार-पाच डावांची चाचणी एवढ्या भांडवलावर सबक्लास उभा राहतो. खेळाची परिभाषा इंग्रजी असल्याने आपल्याकडचे अनेक गट गोष्टही इंग्रजीतच सांगतात. शीव, वेस, गस्त, चौकी, राखण हे शब्द नियमांच्या मजकुरात येऊ लागले, तर गोष्टही हळूहळू त्या भाषेकडे वळेल. शीवच्या किल्ल्यावरची हद्द कधीच पुसली गेली. टेबलावर मात्र ती पुन्हा आखता येते, आणि तिच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे हे ज्याचे त्याला ठरवता येते.