पगार कोणाचा, तोटा कोणाचा? बीएसएनएलची गोष्ट

हेडफोन लावा, आज जरा पगाराचं बोलू.

मी आयटीवाला. कंपनीत हाईक आली नाही की मी काय करतो? रेझ्युमे अपडेट करतो. पण समजा, तुम्ही नोकरी बदललीच नाही आणि तुमचा मालकच बदलला तर?

१ ऑक्टोबर २००० ला नेमकं हेच झालं. केंद्राच्या दूरसंचार खात्याचं फोन चालवायचं काम बीएसएनएल या नव्या सरकारी कंपनीकडे गेलं. माणसं तीच, टेलिफोन एक्स्चेंज तेच. जे खात्यातून कंपनीत सामावले गेले, त्यांना सांगितलं गेलं की पेन्शन सरकारच देईल. पगार मात्र कंपनीच्या नियमांनी.

गाठ इथेच बसली. सरकारी कर्मचाऱ्यांना सातवा वेतन आयोग २०१६ पासून मिळाला. तिथे खातं नफ्यात आहे का, हा प्रश्नच नसतो. सरकारी कंपन्यांची पगारवाढ १ जानेवारी २०१७ पासून होणार होती, पण एका अटीवर: अधिकाऱ्यांच्या वाढीचा जादा खर्च मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २० टक्क्यांत बसला पाहिजे. बीएसएनएल तर २००९-१० पासून तोट्यात. शून्याचे २० टक्के किती? शून्यच! कामगारांचा करार वेगळा होतो, पण तोही कंपनीच्या ऐपतीवरच अडतो. त्यामुळे पगारवाढ वर्षानुवर्षं रखडली.

सरकारची बाजू: तोट्यातली कंपनी पगार वाढवणार, तर पैसा शेवटी करदात्याचाच. संघटनांची बाजू: ४जी आम्हाला वेळेवर दिलं नाही, तो निर्णय लाईनमनने घेतला होता का? मला दुसरी बाजू जास्त पटते. ४जी स्पेक्ट्रम द्यायचं ठरलं ते २०१९ च्या पॅकेजमध्ये. त्याच पॅकेजमधल्या स्वेच्छानिवृत्तीत ७८ हजारांहून जास्त लोक बाहेर पडले.

आणि सगळ्यात अवघड बग ऐका. पेन्शन देतं सरकार, पण ती वाढणार कधी? तर कंपनीतला पगार सुधारला की! म्हणजे तोटा कंपनीचा आणि अडकला निवृत्त माणूस. म्हणूनच पेन्शनर म्हणतात, ही डिपेंडन्सी तोडा.

तेव्हा कुठल्याही सरकारी खात्याची कंपनी होतेय असं ऐकलंत, तर एकच प्रश्न विचारा: जुन्या माणसांना दिलेला शब्द आता कोण पाळणार? आणि उत्तर लेखी घ्या.

भेटू पुढच्या भागात!